गावातलं वाचनालय नेमकं कोणाचं?



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात सार्वजनिक सोयी शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने आखले, एक ‘सरकारी’ आणि दुसरा ‘खाजगी’. मुलं भराभर सांगत होती. प्राथमिक आरोग्य केंद्र सरकारी, पोस्ट सरकारी, किराणा दुकान खाजगी, पिठाची गिरणी खाजगी. मग एकाने विचारलं, “बाई, वाचनालय कुठे लिहायचं?” अर्धा वर्ग म्हणाला सरकारी, कारण पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “नाही बाई, ते आजोबांचं आहे. चावी त्यांच्याकडेच असते. आम्हाला पुस्तक देत नाहीत, फाडाल म्हणतात.”

खरं सांगते, खडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. मलाही माहीत नव्हतं. डी.एड.ला असताना शाळेतल्या ग्रंथालयाबद्दल थोडंफार शिकलो, पण गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाबद्दल एक अक्षर नाही. मग शोधायला लागले, आजोबांशी बोलले, तालुक्याच्या ठिकाणी जाऊन आले. जे समजलं ते तुमच्यासाठी इथे लिहिते आहे. कारण त्या मुलीचं दुसरं वाक्य, ‘आम्हाला पुस्तक देत नाहीत’, याचं उत्तर पहिल्या प्रश्नातच दडलेलं आहे.

ना सरकारी, ना खाजगी

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकार चालवत नाही. गावातल्या काही लोकांनी एकत्र येऊन संस्था नोंदवलेली असते. तिची घटना असते, कार्यकारी मंडळ असतं, सभासद असतात, वार्षिक सर्वसाधारण सभा असते. ही संस्था ग्रंथालय चालवते आणि सरकार तिला मान्यता आणि अनुदान देतं. ‘शासनमान्य’ शब्दाचा अर्थ एवढाच. म्हणजे आमच्या फळ्यावर तिसरा रकाना हवा होता, ‘लोकांचं’.

ही पद्धत आजची नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आणि पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून सुरू झालेल्या अशा संस्था वर्गणीवर आणि देणग्यांवर उभ्या राहिल्या. आपल्याकडे ग्रंथालय म्हणजे गावाने काढायची गोष्ट अशी सवय तेव्हापासूनची आहे. त्यात अभिमान वाटण्यासारखं खूप आहे आणि आजच्या अडचणींचं मूळही तिथेच आहे.

सयाजीराव गायकवाडांचं उदाहरण मात्र आपण प्राथमिक शिक्षकांनी पाठच करून ठेवावं असं आहे. बडोदा संस्थानात त्यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण मुलगा चार इयत्ता शिकून शेतावर गेला आणि हाती पुस्तकच पडलं नाही, तर शिकलेलं विसरायला किती वेळ लागतो? म्हणून शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हवं हे त्यांनी ओळखलं. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची रचना उभी केली. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार घालणार. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. शिक्षण आणि ग्रंथालय हे एकाच विचाराचे दोन भाग होते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कायदा आहे, पण कर नाही

ग्रंथालयांचा पहिला कायदा करण्याचा मानही मराठी मुलखाकडेच जातो. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली तो केला. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ आला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. या कायद्याने राज्य ग्रंथालय परिषद आली, जी सरकारला सल्ला देते. ग्रंथालय संचालनालय आलं, त्याचे विभागवार सहायक संचालक आणि प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी. तुमच्या गावातलं वाचनालय तपासायला जे साहेब येतात ते याच कार्यालयाचे.

आता पैशाचं बघू. तामिळनाडूत, म्हणजे तेव्हाच्या मद्रास प्रांतात, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नाने १९४८ साली ग्रंथालय कायदा झाला. त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर वसूल करायची सोय आहे. केरळ, कर्नाटकातही उपकर आहे. लोक घरपट्टी भरतात तेव्हा त्यातला ठरावीक हिस्सा पुस्तकांसाठी बाजूला पडतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. त्याऐवजी सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं लिहिलं. १९६७ साली ती रक्कम मोठी असेल. प्रत्यक्षात सरकार त्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतं हे मान्य. पण तो खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून आहे, कायद्याने बांधलेला नाही. माझ्या मते सगळं दुखणं या एका फरकात आहे. घरपट्टी वाढली की तामिळनाडूतल्या ग्रंथालयाचा वाटा आपोआप वाढतो, आपल्या ग्रंथालयाला मात्र मोर्चा काढावा लागतो.

केरळची आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिथेही ग्रंथालयं लोकांनीच काढलेली. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने १९४५ मध्ये ग्रंथशाळा संघाची चळवळ उभी केली. त्यांचा स्मृतिदिन, १९ जून, तिथे वाचनदिन म्हणून साजरा होतो. पुढे १९८९ च्या कायद्याने राज्य ग्रंथालय परिषद झाली आणि ती ग्रंथालयांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची असते. म्हणजे कर पण आहे आणि कारभारात लोकांचा आवाज पण आहे.

अ, ब, क, ड आणि आजोबांचा पगार

आपल्याकडे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शाळेतल्या श्रेणीसारखी अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. पुस्तकांची संख्या, सभासद, वर्तमानपत्रं आणि मासिकं, इमारत, कामाचे तास यांवर ती ठरते. त्यात पुन्हा जिल्हा, तालुका आणि इतर असे प्रकार. खेड्यातलं बहुतेक वाचनालय ‘इतर ड’ किंवा ‘इतर क’ मध्ये बसतं.

२०१२ पासून ‘ड’ वर्गाचं अनुदान वर्षाला ३० हजार रुपये होतं. महिन्याला नव्हे बरं का, वर्षाला. तेही हप्त्यांनी. साधारण निम्मी रक्कम पगारासाठी आणि निम्मी पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज यासाठी. आता चौथीचं गणित करा. १५ हजार भागिले १२ म्हणजे महिना १,२५० रुपये. दहा वर्षं हाच आकडा. २०२२ च्या अखेरीस अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ३० हजारांचे ४८ हजार झाले आणि पगाराचा वाटा महिना २ हजारांवर गेला.

मी आजोबांना विचारलं होतं, मुलांना पुस्तक का देत नाही? ते म्हणाले, “बाई, तपासणीला पुस्तक कमी भरलं तर उत्तर मला द्यावं लागतं. फाटलं तर भरपाई कुठून करू?” या पगारावर काम करणाऱ्या माणसाला पुस्तक म्हणजे सांभाळायची वस्तू वाटली तर त्यात त्याचा दोष किती? आपल्यापैकी कितीतरी शाळांत पुस्तकांचं कपाट कुलूपबंद असतं, ते याच भीतीने ना? आपण तर पूर्ण पगार घेतो.

तपासणी चुकीची होती असं म्हणायचं नाही. २०१२ मध्ये राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा नुसती कागदावर असलेली ग्रंथालयंही सापडली. कुणाच्या घराच्या पडवीत पाटी लावलेली, आत एक कपाट. अशांचं अनुदान थांबायलाच हवं होतं. पण त्यानंतर बरीच वर्षं नव्या मान्यता आणि वर्गबदलही थांबले. म्हणजे ज्यांनी प्रामाणिकपणे पुस्तकं वाढवली, सभासद वाढवले, तेही ‘ड’ मध्येच राहिले. एकाने कॉपी केली म्हणून सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवण्यातलाच प्रकार. आजही मान्यताप्राप्त ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि ग्रामपंचायती २७ हजारांच्या वर. किती गावांना अजून वाचनालयच नाही, याचा अंदाज यावरून येईल.

आपलं मूल कोणाच्या खात्यात?

आता सयाजीरावांची गोष्ट आठवा. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयं उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतात आणि आपल्या शाळा शालेय शिक्षण विभागाखाली. मंत्रालयात हे दोन वेगळे विभाग. शिक्षण हक्क कायदा २००९ ने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत असं म्हटलंय. समग्र शिक्षाच्या निकषात प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान आहे. तिकडे सार्वजनिक ग्रंथालयांकडून, विशेषतः वरच्या वर्गाच्या, बालविभागाची अपेक्षा असते. पण दोन्हीकडची पुस्तकं एकमेकांना भेटावीत अशी रचना कुणाच्या आराखड्यात नाही. शाळा पाच वाजता बंद होते, उन्हाळ्यात महिना-दीड महिना बंद असते. वाचनालय संध्याकाळी उघडतं, पण तिथे म्हातारी माणसं पेपर वाचतात आणि पोरांना दारातूनच परत पाठवतात. चौथीतली मुलगी दोन्ही कुलपांच्या मध्ये उभी. आणि पटसंख्येच्या, निपुणच्या, वाचनस्तराच्या बैठकीत आपण विचारतो की मुलांना वाचता का येत नाही!

तुम्ही काय करू शकता

सरकारने उपकर लावावा की नाही हे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण संस्था लोकांची आहे, हे आपल्या हातात आहे.

पालकांनो, आधी स्वतः सभासद व्हा. खेड्यातल्या वाचनालयाची वर्गणी तुमच्या मोबाईलच्या एका रिचार्जपेक्षा बहुधा कमीच निघेल. सभासद झालात की वार्षिक सभेला बसता येतं, हिशोब विचारता येतो. अनुदानातून मुलांची किती पुस्तकं घेतली हा साधा प्रश्न एकदा विचारून बघा. भांडायला जाऊ नका, ज्याच्या खिशात चावी आहे त्याला फार थोडंच मिळतं हे लक्षात असू द्या.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी आम्ही केलेला प्रयोग सांगते. मुख्याध्यापक सर आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून आम्ही वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला साधं पत्र दिलं. दर शनिवारी शाळेच्या नावावर २५ पुस्तकं घेणार, पुढच्या शनिवारी परत देणार, फाटलं-हरवलं तर जबाबदारी शाळेची. मंडळात दोन सभा चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, शाळेकडे स्वतःची पुस्तकं आहेत ना? शेवटी आजोबांनीच बाजू घेतली, कारण या देवघेवीच्या नोंदी त्यांच्या रजिस्टरला होणार होत्या. महिन्यात किती पुस्तकं बाहेर गेली हा आकडा तपासणीत दाखवता येतो, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

पेटी म्हणजे खिचडीच्या तांदळाचं रिकामं पोतं होतं सुरुवातीला, नंतर एका पालकाने पत्र्याची ट्रंक दिली. पहिल्या सहामाहीत तीन पुस्तकं हरवली आणि एकाचं मुखपृष्ठ शेळीने खाल्लं. ते आम्ही शाळेच्या पैशातून भरून दिलं. पुस्तकं निवडायला मुलं स्वतः जातात, प्रत्येक शनिवारी पाच जण, पाळीपाळीने. आजोबा आता त्यांना खुर्ची देतात.

या वर्षीच्या चौथीला मी फळ्यावर तीन रकाने आखले. ती मागच्या बाकावरची मुलगी पाचवीत गेली आहे. तिच्या बाबांनी वाचनालयाची पावती फाडली. सभासद क्रमांक तिने मला वहीत लिहून दाखवला.