कंटेनर फास्ट हवाय? मग आधी डिस्ककडे बघा!

कंटेनर म्हणजे थोडक्यात आपलं होस्टेलच. पाण्याची टाकी एक, खोल्या वेगळ्या. लिनक्सचा कर्नल एकच असतो, पण प्रत्येक कंटेनरला वाटतं की आपण स्वतंत्र मशीन आहोत. तो तयार व्हायला वेळ लागला की आपण लगेच रॅमला शिव्या घालतो. गाडी मात्र बहुतेक वेळा डिस्कवर अडलेली असते.

कॅनॉनिकलने २०१४ साली एलएक्सडी जाहीर केलं आणि २०२३ मध्ये त्यातूनच इन्कस वेगळं निघालं. दोन्ही सेटअपच्या वेळी एक प्रश्न विचारतात : स्टोरेज बॅकएंड कोणता? डिर, बीटीआरएफएस, एलव्हीएम की झेडएफएस? आपण काय करतो? एंटर, एंटर, एंटर!

डिर म्हणजे साधा फोल्डर. कुठेही चालतो, पण प्रत्येक कंटेनरसाठी इमेजची अख्खी कॉपी करतो. समजा इमेज उघडल्यावर ७०० एमबी होते आणि प्रॅक्टिकलला ४० जण आहेत. म्हणजे २८ जीबी लिहायचे, तेही हजारो बारीक फाइल्समध्ये. लॅबच्या जुन्या हार्डडिस्कवर तोवर चहा पिऊन या.

बाकीचे तिघं कॉपी-ऑन-राइट वापरतात. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्याच नोट्स टेबलावर ठेवल्यात असं समजा. सगळे त्याच वाचतात. ज्याला बदल करायचाय तो फक्त तेवढं पान आपल्या कागदावर लिहितो. चाळीस झेरॉक्स वाचल्या! इमेज एकदाच उघडते, नवीन कंटेनर क्षणात तयार होतो आणि स्नॅपशॉटही जवळपास फुकट. डॉकरचं ओव्हरले याच तत्त्वावर चालतं, फक्त तिथे एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल वर कॉपी होते.

मग निवडायचं काय? झेडएफएस सगळ्यात भक्कम, पण कॅशसाठी रॅम भरपूर खातं. लिनक्सवर बराच काळ निम्मी रॅम ही त्याची ठरलेली मर्यादा होती. ती कमी करता येते, पण चार जीबीच्या लॅपटॉपवर तरी मी ते टाकणार नाही. शिवाय लायसन्समुळे ते मुख्य कर्नलमध्ये नाही. उबुंटूत मात्र २०१६ पासून तयार मिळतं. बीटीआरएफएस २००९ पासून कर्नलमध्येच आहे आणि हलकं आहे. त्याचा कोटा जरा गोंधळाचा, आणि डेटाबेससारखं सतत इथे-तिथे लिहिणारं काम असलं की फाइलचे तुकडे होऊन ते मंदावतं. अशा कामाला एलव्हीएमचा थिन पूल मला जास्त पटतो. त्यात वर साधी ईएक्सटी४ असते.

वणीला आमच्या घरी असाच चार जीबीचा जुना पीसी आहे. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. तिथे मी बीटीआरएफएस ठेवलंय. नवा डेटा आधी दुसऱ्या जागी लिहिला जातो आणि मगच पत्ता बदलतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी जुना डेटा सहसा शाबूत राहतो. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे हं! तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की प्रोजेक्टही गेला, आणि फायनल इयरला हे परवडणारं नाही.

अजून एक. सेटअपमध्ये वेगळी डिस्क किंवा पार्टिशन दिलं नाही, तर झेडएफएस आणि एलव्हीएम एका मोठ्या फाइललाच डिस्क समजून काम करतात. शिकायला ठीक आहे, पण फाइलसिस्टिमच्या पोटात फाइलसिस्टिम आली की वेग पडतो. हार्डडिस्कवर २०-३० जीबीचं रिकामं पार्टिशन काढलंत तरी पुरे.

आधीच डिर निवडून बसला असाल तर सगळं पुसायची गरज नाही. दुसऱ्या बॅकएंडचा नवीन पूल बनवा, कंटेनर बंद करा आणि मूव्ह कमांडने तिकडे हलवा. शेवटी डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये नव्या पूलचं नाव टाका, नाहीतर पुढचा कंटेनर परत जुन्याच जागी बनेल.