रेसिंगसाठी गाडी मॉडिफाय करताय? पॉवर वाढवण्याआधी ब्रेक ऑइल बदला

स्विफ्ट असो की पोलो, गाडी ट्रॅकवर न्यायचं ठरलं की पहिला फोन जातो रिमॅपवाल्याला. दुसरा एक्झॉस्टवाल्याला. कारण सोपं आहे, एक्झॉस्टचा आवाज रीलमध्ये ऐकू येतो. नवीन ब्रेक ऑइल कुणाला दिसत नाही.

पण हौशी रेसिंगमध्ये खर्चाचा क्रम उलटा लागतो. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, आणि पळायचं काम त्यानंतरचं.

याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गाडी ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटरने आली, तर वेग ४० टक्क्यांनी वाढला, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास दुप्पट झाली. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. रस्त्यावर ब्रेक थंड व्हायला वेळ मिळतो. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या दोन किलोमीटरच्या आसपासच्या ट्रॅकवर मात्र एक वळण संपेपर्यंत दुसरं येतं. लांबलचक घाट उतरल्यावर चाकांपाशी येणारा जळका वास आठवा, इथे तेच काही मिनिटांत होतं.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात

पहिल्या प्रकारात पॅडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. पॅड प्रमाणाबाहेर तापल्याने त्याची पकड गेलेली असते.

दुसरा प्रकार जास्त भीतीदायक आहे. पॅडल थेट खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात जेमतेम पावणेचार टक्के पाणी मुरलं तर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी हे कळणं फार उशिराचं असतं. नवं ऑइल काहीशे रुपयांत येतं. रिमॅपला हजारो रुपये लागतात.

त्यानंतर टायर. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचं काम शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवरून होतं. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. हवाही गरम टायरमध्ये पुन्हा तपासावी लागते, कारण प्रेशर वाढलेलं असतं.

घाई कुठे नडते?

टायर, सस्पेन्शन आणि रिमॅप एकाच महिन्यात केलं, लॅप दोन सेकंदांनी सुधारला. कशामुळे? सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, लॅप टाइम लिहून ठेवायचा. त्याआधी काही फेऱ्या कंपनीच्या गाडीवरच मारायच्या. कमी पॉवरच्या गाडीत चुकीची लाइन लगेच कळते. जास्त पॉवरची गाडी ती चूक सरळ पट्ट्यावर झाकून टाकते.

नियमपुस्तिकाही आधी वाचावी. गाडी कोणत्या वर्गात धावणार हे इंजिनची क्षमता आणि केलेले बदल यांवर ठरतं. नको तो पार्ट बसवला की नवखा थेट मुरलेल्यांच्या वर्गात जाऊन पडतो.

आणि तीच गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. परवानगीशिवाय मूळ रचनेत बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंगमधलं नुकसान धरलेलं नसतं. ट्रॅकवर गाडी ठोकली, तर बिल आपल्याच खिशातून.