शिक्षण चार वर्षांचं, हप्ता वीस वर्षांचा

गेवराईत बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत हिशेब मांडले जातात. पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली, मग चार वर्षं भाड्यात पैसे घालवायचे की तेवढ्याच पैशात फ्लॅट घ्यायचा? ‘हप्ता भरू, घर तरी आपलं होईल,’ असं कुणीतरी म्हणतंच. बोलणं पटण्यासारखं असतं. पण कर्जाचं गणित उलगडून पाहिलं की थक्क व्हायला होतं.

समजा, फ्लॅट 30 लाखांचा. पदरचे 6 लाख घातले, 24 लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले. हप्ता बसतो सुमारे 20,828 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याजच 17,000! मुद्दलात जातात जेमतेम 3,828. व्याज दर महिन्याला उरलेल्या रकमेवर लागतं आणि सुरुवातीला जवळजवळ सगळीच रक्कम उरलेली असते. म्हणून चार वर्षांत दहा लाख भरूनही कर्ज फिटतं सुमारे 2 लाख 18 हजार. बाकीचे पावणेआठ लाख व्याजाचे.

तसाच फ्लॅट 8,000 रुपये भाड्याने मिळाला, तर चार वर्षांचं भाडं होतं 3 लाख 84 हजार. म्हणजे जे भाडं ‘वाया’ वाटत होतं, त्याच्या दुप्पट पैसे व्याजात गेले! वर पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार, नोंदणीचे 30 हजार, आणि पदरच्या सहा लाखांवर बँकेत मिळालं असतं ते व्याजही बुडालं. हे सगळं भरून निघायला फ्लॅटची किंमत दरवर्षी साधारण सहा टक्क्यांनी वाढायला हवी, आणि चार वर्षांनी गिऱ्हाईकही वेळेवर भेटायला हवं.

मग विकत घेणं कधीच परवडत नाही का? परवडतं. थोरलीच्या मागे धाकटा, त्याच्यामागे चुलतभाऊ असे दहा-बारा वर्षं कुणी ना कुणी तिथे राहणार असेल, तर खरेदीचा खर्च तेवढ्या वर्षांवर विभागला जातो, भाडं दरसाल वाढत असताना हप्ता मात्र फारसा हलत नाही, आणि मुद्दल फिटण्याचा वेगही वाढत जातो. मात्र एकाच पदवीसाठी कालव्याखालचं रान विकायचं असेल, तर हात आखडता घ्यावा.

भाड्याने राहणाऱ्याच्या पाठीशी कायदाही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं! सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत मिळते.

तेव्हा भाडं किती, हप्ता किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, त्या शहरात आपलं माणूस किती वर्षं राहणार? उत्तर चार असेल, तर बिनदिक्कत भाड्याने राहा, आणि वाचलेले पैसे पोरीच्या शिक्षणाला लावा.