व्हिडिओ राउटर आणि त्यातील कार्डांवर नेटवर्कद्वारे देखरेख

संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला राउटर म्हटले की डेटाची पाकिटे पुढे पाठवणारे उपकरण आठवते. दूरचित्रवाणी केंद्रातील व्हिडिओ राउटर हा वेगळा प्राणी आहे. त्याच्या मागच्या बाजूला शेकडो बी.एन.सी. जोडण्या असतात. कॅमेरे, सर्व्हर, उपग्रह रिसीव्हर, ग्राफिक्स यंत्रे यांचे सिग्नल एका बाजूने आत येतात आणि मॉनिटर, स्विचर, रेकॉर्डर, एन्कोडर यांच्याकडे दुसऱ्या बाजूने बाहेर जातात. कोणताही इनपुट कोणत्याही आउटपुटला, आणि हवा तर एकच इनपुट सगळ्या आउटपुटना, जोडता येतो. २८८ इनपुट आणि २८८ आउटपुट असलेल्या राउटरमध्ये अशा ८२,९४४ शक्य जोडण्या असतात. प्रत्येक तारेतून वाहणारा सिग्नल एस.डी.आय. प्रकारचा असतो. त्याचा वेग साध्या चित्रासाठी सेकंदाला २७० मेगाबिट, एच.डी.साठी १.४८५ गिगाबिट आणि थ्री-जी प्रकारात २.९७ गिगाबिट असतो.

केंद्रातून बाहेर जाणारे जवळजवळ प्रत्येक चित्र या एका पेटीतून जाते. ती बंद पडली तर वाहिनी बंद पडते. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचे, हे कोणालाही पटते. पण नेमके कशावर लक्ष ठेवायचे, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. या पाठात आपण मुख्यतः त्याचाच विचार करू.

पेटीच्या आत काय असते

मोठा राउटर हा एकसंध नसतो. एका चॅसिसमध्ये खाचा असतात आणि त्यांत कार्डे बसवलेली असतात. इनपुट कार्ड केबलमधून क्षीण होऊन आलेला सिग्नल सावरते व त्याची घड्याळ-लय पुन्हा नीट बसवते. क्रॉसपॉइंट कार्डावर प्रत्यक्ष जोडणी होते. आउटपुट कार्ड सिग्नल पुन्हा केबलवर सोडते. यांच्याशिवाय नियंत्रक कार्ड, वीजपुरवठ्याची युनिटे, पंख्यांचा ट्रे आणि संदर्भ सिग्नल घेणारा भाग असतो. महत्त्वाच्या जागी हे भाग जोडीने बसवतात: दोन नियंत्रक, दोन किंवा अधिक वीजपुरवठे. काही राउटरमध्ये क्रॉसपॉइंटचेही राखीव कार्ड असते.

आता ही जोडीची व्यवस्थाच देखरेखीचा खरा प्रश्न निर्माण करते. पहिला वीजपुरवठा जळाला तर काय होते? पडद्यावर काहीच होत नाही. दुसरा सगळा भार उचलतो, बातम्या चालू राहतात, मास्टर कंट्रोलमधल्या माणसाला काही कळत नाही. राउटर बहुधा उपकरणांच्या बंद, थंड खोलीत असतो आणि तिथला लाल दिवा पाहायला कोणी बसलेले नसते. काही महिन्यांनी दुसरा वीजपुरवठा जातो आणि सगळ्या वाहिन्या एकदम काळ्या होतात. चौकशीत 'दोन्ही वीजपुरवठे बंद पडले' असे लिहिले जाते, पण पहिल्याच्या बिघाडाची नोंद कुठेच नसते.

चित्र गेले हे सांगायला देखरेख यंत्रणा लागत नाही; ते प्रेक्षकच फोन करून सांगतात. यंत्रणा लागते ती चित्र शाबूत असताना मागची राखीव ताकद संपली आहे, हे सांगायला.

संदर्भ सिग्नलचेही असेच आहे. राउटर एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाताना तो बदल चित्राच्या दोन फ्रेमच्या मधल्या न दिसणाऱ्या काळात व्हावा लागतो. ६२५ ओळींच्या पद्धतीत सहाव्या ओळीवर, १०८० ओळींच्या पद्धतीत सातव्या ओळीवर. ही वेळ राउटरला संदर्भ सिग्नलवरून कळते. संदर्भ तुटला तरी आधीची जोडणी व्यवस्थित चालू राहते. पुढचा बदल मात्र कुठेही, चित्राच्या अगदी मधोमध होऊ शकतो आणि पडद्यावर झटका दिसतो. तो झटका संध्याकाळच्या थेट कार्यक्रमात दिसण्याऐवजी दुपारी यादीत दिसलेला बरा.

एस.एन.एम.पी. कसे काम करते

नेटवर्कवरील उपकरणांची प्रकृती विचारण्यासाठी एस.एन.एम.पी. हा प्रोटोकॉल सर्वत्र वापरतात. त्याची पहिली आवृत्ती १९९० साली प्रमाणित झाली. तो नेटवर्क स्विच आणि सर्व्हर यांच्यासाठी जन्माला आला. प्रसारण उद्योगाने तो उसना घेतला. यात दोन बाजू असतात. राउटरच्या नियंत्रक कार्डावर एजंट नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. देखरेखीच्या संगणकावर मॅनेजर चालतो. मॅनेजर यू.डी.पी.च्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठवतो, एजंट उत्तर देतो. काही घडले की एजंट स्वतःहून मॅनेजरच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर 'ट्रॅप' नावाचा संदेश पाठवतो.

प्रश्न विचारायचा कशाबद्दल, हे एका लांब क्रमांकाने ठरते. त्याला ओ.आय.डी. म्हणतात. हा पत्त्यासारखा असतो, डावीकडून उजवीकडे देश, गाव, गल्ली, घर असा अरुंद होत जाणारा. उदाहरणार्थ १.३.६.१.२.१.१.३.० हा क्रमांक विचारला की एजंट चालू होऊन किती वेळ झाला ते मिळते. १.३.६.१.४.१ पासून सुरू होणारा भाग उत्पादकांसाठी राखून ठेवला आहे. प्रत्येक उत्पादकाला तिथे स्वतःचा क्रमांक मिळतो आणि त्याखाली तो आपल्या कार्डांची, पंख्यांची, तापमानाची माहिती मांडतो. कोणत्या क्रमांकाचा काय अर्थ, हे एम.आय.बी. नावाच्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले असते. ही फाइल उत्पादकाकडून घ्यावी लागते, आणि ती राउटरमधल्या फर्मवेअरच्या आवृत्तीशी जुळणारीच घ्यावी. जुनी फाइल वापरली तर नव्या प्रकारचे कार्ड अनोळखी आकड्यासारखे दिसते.

कार्डांची माहिती तक्त्याच्या रूपात असते. एक स्तंभ कार्डाचा प्रकार, दुसरा स्थिती, तिसरा तापमान, आणि ओ.आय.डी.चा शेवटचा आकडा म्हणजे खाचेचा क्रमांक. खाच ५ मधल्या कार्डाचे तापमान हवे तर तापमानाच्या स्तंभाचा क्रमांक घ्यायचा आणि शेवटी ५ लावायचा. मात्र मोजणी शून्यापासून आहे की एकपासून, हे आधी तपासावे. चॅसिसवर छापलेला आकडा आणि तक्त्यातला आकडा एकाने चुकला, तर तंत्रज्ञ रात्री दोन वाजता चांगले चाललेले कार्ड ओढून बाहेर काढतो.

विचारत राहायचे की वाट पाहायची

ट्रॅप येतो तेव्हा तत्काळ येतो, म्हणून फक्त ट्रॅपवर विसंबून राहण्याचा मोह होतो. पण ट्रॅप यू.डी.पी.वर जातो आणि त्याची पोच मिळत नाही. वाटेत हरवला तर हरवला. शिवाय नियंत्रक कार्डच मेले तर ते आपल्या मृत्यूचा संदेश पाठवू शकत नाही. दुसऱ्या आवृत्तीपासून 'इन्फॉर्म' हा पोच मागणारा प्रकार आला, पण सगळे राउटर तो देत नाहीत.

उलट फक्त विचारत राहिलो तर एजंटवर ओझे पडते. २८८ इनपुट आणि २८८ आउटपुट, प्रत्येकाची चार मूल्ये, म्हणजे २,३०४ मूल्ये झाली. ती दर ३० सेकंदांनी एकेक करून विचारली तर सेकंदाला सुमारे ७७ प्रश्न होतात. नियंत्रक कार्डावरचा प्रोसेसर त्यासाठी बनवलेला नसतो. त्याचे मुख्य काम ऑपरेटरने बटण दाबताच जोडणी बदलणे हे आहे. देखरेखीमुळे बटणाला उशीर होऊ लागला तर ती देखरेख बंद केली जाते, आणि ते योग्यच आहे. एका प्रश्नात वीस मूल्ये मागणारी 'गेट-बल्क' ही आज्ञा वापरली तर तेच काम ११६ प्रश्नांत होते.

व्यवहारात मिश्रण करावे. वीजपुरवठा, पंखे, नियंत्रक आणि संदर्भ ही मूल्ये थोडी असतात, ती दर १०-१५ सेकंदांनी विचारावीत. सिग्नल आला-गेला यासाठी ट्रॅप ठेवावा आणि हरवलेल्या ट्रॅपची भरपाई म्हणून दर पाच मिनिटांनी सगळा तक्ता एकदा चाळावा.

उत्तर आलेच नाही तर? दोन-तीनदा पुन्हा विचारून मग तो भाग पडद्यावर करडा दाखवावा. लाल नव्हे, आणि हिरवा तर मुळीच नव्हे. काही यंत्रणा शेवटचे चांगले मूल्य तसेच दाखवत राहतात. नेटवर्कची केबल निघालेली असते आणि पडदा हिरवागार असतो. यापेक्षा देखरेख नसलेली परवडते, कारण तेव्हा निदान माणूस स्वतः जाऊन बघतो.

दोन नियंत्रक असतील तर दोघांना स्वतंत्र आय.पी. पत्त्यावर विचारावे. दोघांचा मिळून एकच सामायिक पत्ता असेल आणि तेवढाच विचारला, तर उत्तर नेहमी चालू असलेला नियंत्रक देईल आणि राखीव नियंत्रक कधीच मेला असला तरी कळणार नाही.

चालू वेळेच्या मूल्याबद्दल एक बारकावा. ते सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेले ३२ बिटांचे मूल्य आहे, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी ते भरून पुन्हा शून्यावर येते. कार्यालयातला संगणक इतके दिवस सलग चालत नाही, पण प्रसारणाचा राउटर सहज चालतो. मूल्य अचानक शून्य झाले म्हणजे राउटर रीस्टार्ट झाला, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आधीचे मूल्य किती होते ते बघावे.

साध्या मजकुराचा प्रोटोकॉल

सगळे राउटर एस.एन.एम.पी.वर अवलंबून नसतात. ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहब मालिकेचा प्रोटोकॉल शिकण्यासाठी फार सोयीचा आहे. टी.सी.पी.च्या ९९९० क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी केली की राउटर स्वतःहून आपली सगळी स्थिती साध्या इंग्रजी मजकुरात पाठवतो: उपकरण हजर आहे का, इनपुट-आउटपुटची नावे, कोणत्या आउटपुटवर कोणता इनपुट आहे. ज्या मॉडेलमध्ये काढता-घालता येणारी कार्डे असतात, तिथे प्रत्येक पोर्टसमोर बी.एन.सी., ऑप्टिकल किंवा काहीच नाही, असेही येते. म्हणजे कार्ड काढले गेले की नोंद बदलते. त्यानंतर जे बदलेल तेवढेच जोडलेल्या प्रत्येकाला कळवले जाते. इथे पोर्टची मोजणी शून्यापासून असते; पेटीवरचा इनपुट १ म्हणजे मजकुरातला ०. टी.सी.पी. जोडणी शांत राहिली म्हणजे सगळे ठीक असे नव्हे, म्हणून अधूनमधून पिंग पाठवून राउटर उत्तर देतो का ते बघावे.

एका बिघाडाच्या सोळा तक्रारी

समजा एका इनपुट कार्डावर १६ इनपुट आहेत. पाचवे कार्ड बंद पडले. इनपुट ६५ ते ८० असे सोळा सिग्नल एकदम गेल्याचे संदेश येतील, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आउटपुटचे वेगळे येतील, आणि त्या गर्दीत 'खाच ५ प्रतिसाद देत नाही' ही एकच कामाची ओळ बुडून जाईल. म्हणून मॅनेजरला कार्ड आणि इनपुट यांचे नाते शिकवावे लागते: कार्ड गेले असेल तर त्याच्या इनपुटच्या तक्रारी त्याखाली दुमडून ठेव. हे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. एखाद्या वाहिनीचा मुख्य सर्व्हर इनपुट ६६ वर आणि राखीव सर्व्हर ६७ वर जोडला असेल, तर राखीव सर्व्हरला काही अर्थ उरत नाही. मुख्य आणि राखीव स्रोत वेगळ्या कार्डांवरच हवेत.

सिग्नल नाही म्हणजे बिघाड, असेही नाही. ओ.बी. व्हॅनसाठी ठेवलेला इनपुट दिवसातले वीस तास रिकामा असतो. तो सतत लाल राहिला तर ऑपरेटरची नजर लाल रंगाला सरावते. प्रत्येक इनपुट नेहमी भरलेला असावा की नाही, हे एकदा बसून ठरवावे. कंटाळवाणे काम आहे, पण यंत्रणेची निम्मी किंमत त्यातच आहे.

तापमानाचा आकडा एकटा फारसे सांगत नाही. सगळी कार्डे एकदम तापली तर खोलीतले वातानुकूलन बघा. एकच तापले तर त्याच्या समोरचा पंखा किंवा धुळीने भरलेली जाळी बघा. इशाऱ्याची पातळी आणि इशारा मागे घेण्याची पातळी यांत अंतर ठेवा, नाहीतर एका अंशाच्या चढउताराने रात्रभर संदेश येत राहतील.

एच.डी. सिग्नलमध्ये प्रत्येक ओळीबरोबर सी.आर.सी. हा तपास-आकडा येतो. तो मोजणारी कार्डे असतील तर त्यांचा फायदा घ्यावा. डिजिटल सिग्नल हळूहळू धूसर होत नाही. केबल किंवा जोडणी खराब होत गेली तरी चित्र बराच काळ उत्तम दिसते आणि मग थोड्याच फरकाने कोसळते. त्या कड्यापूर्वीची खूण म्हणजे आठवड्यागणिक वाढणारी सी.आर.सी. त्रुटींची संख्या. मात्र राउटर चित्राचा आशय बघत नाही. गोठलेले किंवा संपूर्ण काळे चित्रही त्याच्या दृष्टीने निरोगी सिग्नलच असते. त्यासाठी वेगळे तपासणी यंत्र लागते.

नेटवर्क वेगळे ठेवा

एस.एन.एम.पी.च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो आणि अनेक उपकरणांत तो कारखान्यातून 'पब्लिक' असाच येतो. २००२ साली प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणे आणि गुप्तता दोन्ही आहेत, पण जुन्या राउटरमध्ये ती नसते. अशा वेळी देखरेखीला फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा बंद करावा, आणि राउटरचे नियंत्रण ज्या नेटवर्कवर आहे ते कार्यालयाच्या नेटवर्कपासून तोडून ठेवावे. जोडणी बदलू शकणारा कोणताही संदेश म्हणजे प्रक्षेपणावर ठेवलेला हात असतो.

यंत्रणा उभी राहिल्यावर ती तपासायची कशी? देखभालीच्या ठरलेल्या वेळेत, राखीव मार्ग चालू आहे याची खात्री करून, दोनपैकी एका वीजपुरवठ्याची वायर काढा. किती सेकंदांत संदेश आला, कोणाच्या फोनवर आला, त्यात खाचेचा क्रमांक बरोबर होता का, हे लिहून घ्या. मग वायर लावा आणि इशारा आपोआप मिटतो का ते बघा. त्यानंतर संदर्भ सिग्नल काढा, पंख्याचा ट्रे काही क्षण ओढा, देखरेखीच्या संगणकाची नेटवर्क केबल काढून पडदा करडा होतो का ते पाहा. सगळ्या घड्याळांची वेळ एन.टी.पी.ने जुळवलेली असेल, तरच राउटरची नोंद आणि मॅनेजरची नोंद शेजारी ठेवून वाचता येईल.