केंद्रक गेलं, काम चालूच

हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या अस्थिमज्जेत जवळजवळ कोटभर नव्या लाल पेशी तयार झाल्या असतील. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त! आणि प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू ठासून भरलेले. म्हणजे सेकंदाला पाचशे लाख कोटींच्या वर रेणू. हे सगळं बनवतं कोण?

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. त्यातली बीटा घेऊ. तिच्यात १४६ अमिनो आम्लं एका ठरलेल्या क्रमानं जोडलेली असतात. तो क्रम डीएनएत लिहिलेला असतो, पण डीएनए केंद्रक सोडत नाही. बाहेर येते ती त्याची आरएनए नक्कल. रायबोझोम नावाचं यंत्र तिच्यावर चढतं आणि तीन-तीन अक्षरं वाचत पुढे सरकतं.

आता अमिनो आम्लं आणून कोण देतं? त्यासाठी वाहक आरएनए असतात. पंगतीत एकाच्या हाती फक्त वरण, दुसऱ्याच्या हाती फक्त जिलबी, तसं प्रत्येकाकडे एकच अमिनो आम्ल. ज्याची तीन अक्षरं नकलेशी जुळतात त्याचाच माल घ्यायचा, बाकीच्यांनी पुढे व्हायचं. सेकंदाला साधारण पाच अमिनो आम्लं, म्हणजे अर्ध्या मिनिटात बीटा साखळी पूर्ण. शिवाय एकाच नकलेवर पाचेक रायबोझोम एकामागून एक चालत असतात!

पण मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. मज्जेतून बाहेर पडण्याआधी लाल पेशी आपलं केंद्रकच बाहेर टाकते. मूळ लिखाण गेलं! तरीही रक्तात आल्यावर एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनत राहतं, कारण आधी काढलेल्या नकला आत शिल्लक असतात आणि रायबोझोम त्या वाचत बसलेले असतात.

आणि हा रायबोझोम तरी कशाचा बनलेला? प्रथिनं आणि आरएनए यांचा. २००० साली त्याची अणूअणूची रचना दिसली, तेव्हा कळलं की अमिनो आम्लं जिथे जोडली जातात त्या नेमक्या जागी प्रथिन नाहीच. जोडणी करतं ते आरएनए. या रचनांच्या अभ्यासासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९चं नोबेल मिळालं.

रायबोझोमला अर्थ मात्र कळत नाही, समोर येईल ते तो इमानानं जोडतो. बीटाच्या जनुकात एकच अक्षर बदललं की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. आई आणि वडील दोघांकडूनही असं जनुक आलं, तर ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत ज्या सिकलसेलनं पिढ्यान्‌पिढ्या वेदना दिल्या, तो हाच.

यावर २०२३मध्ये ब्रिटननं मान्यता दिलेला जनुकीय उपचार तर आणखी अजब आहे. तो बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाही. आईच्या पोटात असताना आपण बीटाऐवजी गॅमा साखळी वापरत होतो; जन्मानंतर बंद पडलेलं तिचं जनुक तो पुन्हा जागं करतो. रायबोझोम तेच राहतात, फक्त आता त्यांच्यापुढे गॅमाच्याही नकला येऊ लागतात.