दारू सोडणाऱ्या आचाऱ्याचं ताट

लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करणारे आचारी, हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर करणारे वस्ताद सातारा-सांगलीत गावोगाव आहेत. दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं, सगळ्यांची जेवणं झाली की रात्री उपाशीपोटीच ‘शीण घालवायला’ बसायचं. अशानं कुणाकुणाला दारू लागते. शेकडो लोकांना जेवू घालणारा माणूस घरच्या ताटाला पारखा होतो.

व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली, तर हात थरथरतात, झोप उडते. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रमही होतो. म्हणून शपथ घालून घरात कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या. दारूमुळे अंगात बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, तेही डॉक्टर देतात.

‘नकळत भाजीत घाला, दारू सुटेल’ अशा पुड्या कुणी दिल्या, तर घेऊ नका. त्यात काय आहे, ते आपल्याला कळत नाही. डायसल्फिरम नावाचं औषध डॉक्टर वापरतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं. ते अंगात असताना दारू प्यायली, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. शिवाय कधीतरी त्याला कळतंच. मग घरच्या घासावरचा विश्वास जातो आणि तो बाहेरच खातो, बाहेरच पितो.

उपचार सुरू झाले, की त्याला वेळेवर जेवायला बोलवा. उपाशीपोटी तलफ वाढते. सोबत बसा, टोमणे बाजूला ठेवा. बरं वाटू लागलं, की एखाद्या दिवशी पिठलं त्यालाच करू द्या. ज्या हातांना लोक नावाजायचे, त्यांची चव आता पोरांनाही कळू दे. कामावर परतताना दारूच्या पार्टीची ऑर्डर मात्र टाळायला सांगा.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा मोफत क्रमांक आहे. आणि बायांनो, त्याची दारू सोडवणं ही तुमच्या एकटीची जबाबदारी नाही. मारहाण होत असेल, तर आधी 181 ला फोन करा. ताट नंतर वाढता येईल.