हायड्रा: समुद्रपुष्पाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल वडगाव सोडते आणि कान्हे येते. इथून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण समुद्रपुष्पासारखाच तोंडाभोवती शुंडकांचा झुबका मिरवणारा हायड्रा बघायला स्वच्छ, संथ तळे पुरते. तो जेमतेम सेंटीमीटरभर असल्याने नजरेतून निसटतो आणि गैरसमजांना वाव मिळतो.

गैरसमज: हायड्राच्या संघातले प्राणी खाऱ्या पाण्यातच जगतात.
वस्तुस्थिती: बहुतेक जगतात, सगळे नाहीत. समुद्रपुष्प, प्रवाळ, जेलीफिश आणि हायड्रा एकाच संघातले. हायड्रा मात्र गोड्या पाण्यातला. सह्याद्रीतल्या नद्यांत जेलीफिशही आहे. मालवणचे शास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना ती १९१२च्या सुमारास सापडली. तोवर तिचा वंश आफ्रिकेतलाच मानत. पुण्यात त्यांच्या नावाने असलेल्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरेच काम झाले आहे.

गैरसमज: हिरवा हायड्रा म्हणजे शेवाळ.
वस्तुस्थिती: तो शिकारी प्राणी आहे. हिरवा रंग काही जातींच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाचा. ते त्याला साखर पुरवते. तरी शिकार सुटत नाही. शुंडकांवरचे दंशकोश क्षणार्धात सुटतात आणि पाणपिसू जागीच लुळी पडते. माणसाच्या कातडीला त्याचा पत्ताही लागत नाही.

गैरसमज: कोणताही तुकडा तोडा, नवा हायड्रा तयार!
वस्तुस्थिती: निसर्ग अभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी १७४४ साली हायड्राचे तुकडे करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा समज फोफावला. धडाच्या तुकड्यातून पूर्ण प्राणी होतो. नुसत्या शुंडकातून होत नाही.

गैरसमज: हायड्रा अमर आहे.
वस्तुस्थिती: जीवशास्त्रज्ञ डॅनिएल मार्टिनेझ यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षे पाळलेल्या हायड्रांत म्हातारपणाची खूण दिसली नाही, कारण त्याच्या मूलपेशी सतत नव्या पेशी घडवतात. म्हातारपण टळले तरी मरण टळत नाही: उपासमार आहे, शिकारी आहेत. एका जातीत तर थंडीत लैंगिक प्रजनन सुरू झाले की शरीर झिजत जाते.

गैरसमज: तो घाण पाण्यातला किडा आहे.
वस्तुस्थिती: उलट आहे. तांब्यासारख्या धातूचा अंशही त्याला सोसत नाही, म्हणून पाण्याची विषारता तपासायला त्याचा उपयोग करतात. बघायचा असेल तर तळ्यातली पाणवनस्पती त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत रात्रभर न हलवता ठेवा; सकाळी काचेला चिकटलेले बारीक धागे भिंगातून पाहा.